तळ दिसतो तेव्हा

सर्फिंग करणाऱ्याला लाटेबद्दल विचारा, तो तासभर बोलेल. किती उंच होती, वारा कसा होता, आडवं कोण आलं, बोर्ड कुणाचा मोडला. पण ती लाट फुटली कशावर, असं विचारलंत तर उत्तर एका शब्दात मिळतं: रीफवर. रीफ म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची भिंत. फारच खोदलंत तर 'उथळ' आणि 'धारदार' ही दोन विशेषणं पदरात पडतात आणि गाडी पुन्हा लाटेवर येते. मीही अनेक वर्षं याच जातकुळीतली. मेंतावाईला जायला लागल्यापासून मात्र माझी नजर खाली जास्त राहते. त्यापायी माझ्या लाटा सुटतात, असं सोबतच्यांचं म्हणणं आहे. सुटतातही. वयाचाही थोडा हातभार असावा, पण त्याची चर्चा मी होऊ देत नाही.

मेंतावाई म्हणजे सुमात्राच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण दीडशे किलोमीटरवर हिंदी महासागरात पसरलेली इंडोनेशियाची बेटं. सिबेरूत, सिपोरा, उत्तर पागाई आणि दक्षिण पागाई ही चार मोठी. बाकी नारळीची झाडं मिरवणारे बारके तुकडे किती आहेत ते तिथल्या होडीवाल्यांनाच ठाऊक. पादांगहून जलद बोट पकडली की काही तासांत सिपोरावरच्या तुआपेजातला उतरता येतं. जिल्ह्याचं ठिकाण तेच. पुढचा प्रवास लहान होडीतून, बोर्डांच्या पिशव्यांवर बसून, तोंडावर खारं पाणी घेत. सिपोराच्या दक्षिण टोकाला कातिएत नावाचं गाव आहे आणि त्या गावासमोर, दगड मारला तर पोचेल इतक्या जवळ, जगातल्या सर्वांत देखण्या उजव्या, म्हणजे सर्फरच्या उजवीकडे फुटत जाणाऱ्या, लाटांपैकी एक फुटते.

तिला लान्सेस राइट म्हणतात, 'हॉलो ट्रीज'वरून एचटीज असंही म्हणतात. लान्स नाइट हा ऑस्ट्रेलियन सर्फर १९९१ मध्ये तिथे पोचला, गावात राहिला आणि लाटेवर एकटाच जात राहिला. तो तिथे असतानाच मार्टिन डेली आपली 'इंडीज ट्रेडर' ही बोट घेऊन आला, आणि पुढच्या काही वर्षांत या बेटांचं नाव सर्फिंगच्या मासिकांतून जगभर झालं. 'शेवटचा स्वर्ग', 'माणसाचा पाय न लागलेली लाट' वगैरे मथळे मी तेव्हा भक्तिभावाने वाचलेत. आता वाचवत नाहीत. त्या स्वर्गाच्या काठावर गाव होतं, गावात डुकरं आणि कोंबड्या होत्या, चर्च होतं, आणि पाय न लागलेल्या त्या रीफवर ओहोटीला बायका शिंपले-खेकडे वेचत होत्या. पुढे परदेशी लोकांच्या बोटी आल्या. माणसं बोटीवरच झोपायची, बोटीवरच जेवायची, गावासमोर नांगर टाकून गावची लाट खेळायची आणि परत जायची. गावात पैसा असा फारसा उतरायचाच नाही. आता गावात राहायला खोल्या मिळतात, जिल्हा प्रशासन सर्फिंगसाठी येणाऱ्यांकडून कर घेतं, आणि कातिएतची पोरं त्या लाटेवर अशी काही सफाईने जातात की आपण बोर्ड काखेत मारून मुकाट बसावं.

मी किनाऱ्यावरच राहते. बोटीवर चोवीस तास सर्फिंगच्याच गप्पा ऐकाव्या लागतात. तेवढा माझा व्यासंग नाही. आसपासच्या लाटांवर जायचं झालं की एक होडीवाला आहे, साठीकडे झुकलेला. तो मला 'इबू' म्हणतो, तिकडे बायकांना मानाने म्हणतात तसं, आणि मी त्याला 'पाक'. त्याला इंग्रजी बेताचं येतं, मला त्याची भाषा त्याहून बेताची, पण समुद्राबद्दल बोलायचं असलं की आमचं अडत नाही.

खरं तर ही लाट इथली नसतेच. ती तयार होते चार-पाच हजार किलोमीटर दक्षिणेला, चाळीस ते साठ अक्षांशांच्या पट्ट्यात, जिथे वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. वादळ तिथे दोन-चार दिवस धिंगाणा घालून विरून जातं. पाण्यावर उठलेली खळबळ मात्र उत्तरेकडे चालू लागते. वाटेत लांब लाटा पुढे निघतात, आखूड मागे राहतात, आणि विषुववृत्ताजवळ येईपर्यंत सगळा गोंधळ गाळला जाऊन शिस्तीच्या रांगा उरतात. हाच स्वेल. एकामागून एक लाट १६ सेकंदांनी येत असेल तर तो स्वेल खोल समुद्रात ताशी साधारण ४५ किलोमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या वर. त्यातली सुटी लाट मात्र या वेगाच्या दुपटीने धावते. रांगेच्या मागच्या टोकाला ती जन्मते, बाकीच्यांमधून वाट काढत पुढे येते आणि पुढच्या टोकाला मावळते. तिच्या मागे दुसरी उठलेलीच असते. तेव्हा 'ही लाट पाच दिवस प्रवास करून माझ्यासाठी आली' असं जे आम्ही हळवे होऊन म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. प्रवास करते ती ऊर्जा. लाटा वाटेत बदलत राहतात.

वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये सामोआ, हवाई अशा बेटांवर दाबमापक यंत्रं बसवून दाखवून दिलं की दक्षिणेतल्या वादळांचा स्वेल अख्खा पॅसिफिक ओलांडून अलास्कापर्यंत जातो, आणि एकदा वादळाच्या टापूतून बाहेर पडला की वाटेत त्याची ताकद फारशी कमी होत नाही. कुणी अडवलं नाही तर तो जातच राहतो. मेंतावाईच्या बेटांनी त्याला अडवलेलं आहे, एवढंच.

पण अडवणं-अडवणं यात फरक आहे. १६ सेकंदांच्या स्वेलमध्ये दोन लाटांच्या माथ्यांत खोल समुद्रावर चारशे मीटर अंतर असतं, आणि अशा लाटेला दोनशे मीटर खोलीपासूनच तळ जाणवायला लागतो. तळ जर हळूहळू वर येणारा, रेतीचा असेल तर लाट कितीतरी किलोमीटर रखडत येते, दमते आणि काठाशी येऊन फेसात विरघळते. इथे तसं होत नाही. खोल पाण्यातून पूर्ण वेगाने आलेल्या लाटेला समोर अचानक प्रवाळाची भिंत भेटते, आणि धावत्या माणसाला उंबऱ्याची ठेच लागावी तशी ती पुढच्या पुढे झेपावते. पाय अडकले, धड पुढे गेलं. लाटेचा माथा हवेत पुढे फेकला जातो आणि आत पोकळी तयार होते. ती पोकळी म्हणजे बॅरल, जिच्यासाठी शहाणीसुरती माणसं नोकरीतली रजा साठवतात.

याच झेपावण्याचा दुसरा भाग असा की लाट उभी राहायला पाणी लागतं, आणि ते ती समोरूनच ओढून घेते. रीफवर आधीच कमरेएवढं पाणी, त्यातलंही लाटेच्या पोटात चढायला लागलं की टेकऑफच्या, म्हणजे लाट पकडून बोर्डावर उभं राहण्याच्या, क्षणी समोरचा तळ लख्ख दिसतो. पाण्यावर प्रकाश खेळत नाही, लाटांची सुरकुती नाही. काचेसारखं पातळ पाणी आणि खाली सगळं स्पष्ट. अनुभवी लोक सांगतात, तेव्हा खाली बघायचं नाही. नजर जाईल तिकडे बोर्ड जातो. नजर ठेवायची पुढे, लाटेच्या खांद्यावर, म्हणजे तिच्या अजून न फुटलेल्या भागावर.

मला ते जमत नाही. एका सकाळी, वारा पडलेला, पाणी पिवळट प्रकाशात तेलकट दिसणारं, सेटमधली, म्हणजे पाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटातली, तिसरी लाट माझ्या वाट्याला आली. पहिल्या दोन पोरांनी नेल्या होत्या. मी चार हात मारले, बोर्डाचं नाक खाली झुकलं, आणि उभं राहताना मला दिसला एक हिरवट तपकिरी गोल प्रवाळ, माझ्या जेवणाच्या टेबलाइतका, त्याच्या कडेला फांद्यांचा दुसरा, टोकं जांभळी, आणि दोघांच्या मधल्या फटीत एक निळाभोर तारामासा, पाचही हात दगडाला चिकटवून. तारामाशाच्या डोक्यावरून काही टन पाणी उपसलं जात होतं. तो जागचा हलला नव्हता. मग मी वळले, खांद्यावर आले, लाट मागे गडगडत बंद झाली, आणि चॅनलमध्ये बसलेल्या एकाने ओरडून सांगितलं की अजून एक सेकंद थांबली असतीस तर आत गेली असतीस. असेल. मला त्या सेकंदात तारामासा मिळाला.

चॅनलचंही सांगायला हवं, कारण रीफवरच्या लाटेची अर्धी चैन त्याच्यात आहे. चॅनल म्हणजे प्रवाळभिंतीतली खोल खिंड. तिथे लाट फुटत नाही, म्हणून डोकं न भिजवता बाहेर जाता येतं, आणि तिथे बसून दुसऱ्याची लाट आडव्या बाजूने पाहता येते, जे किनाऱ्यावरून कधीच दिसत नाही. पुष्कळ ठिकाणी अशी खिंड पडते ती बेटावरच्या गोड्या, गढूळ पाण्यामुळे. जिथे ओढा किंवा नदी समुद्रात उतरते तिथे प्रवाळ नीट वाढत नाही, भिंत अर्धवट राहते. खिंडीवरचा लाटेचा भाग खोल पाण्यात असल्याने वेगात पुढे जातो, भिंतीवरचा भाग मागे रखडतो, त्यामुळे लाट वळते आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोलत जाते. रेतीच्या किनाऱ्यावर आज फुटलेली लाट पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे असेलच असं नाही, रेती हलते. रीफवर मात्र टेकऑफची जागा ठरलेली. किनाऱ्यावरचं अमुक झाड आणि तमुक छप्पर एका ओळीत आणायचं आणि बसायचं, बस. लोक वर्षांनी परत येतात आणि त्याच जागेवर बसतात.

ताहितीमधलं तेआहुपो अशाच खिंडीच्या कडेला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग पॅरिसपासून १५ हजारांहून जास्त किलोमीटरवर तिथे भरवलं गेलं. पंचांसाठी ॲल्युमिनियमचा नवा मनोरा रीफवर उभारायचा बेत होता. गावकऱ्यांनी आणि सर्फरांनी विरोध केल्यावर त्याचा आकार कमी केला, आणि तरीही डिसेंबर २०२३ मध्ये चाचणीसाठी आणलेल्या बार्जखाली प्रवाळ मोडलेच. तेव्हा जगभर जे व्हिडिओ फिरले त्यांत मी पहिल्यांदा सर्फर मंडळींना लाटेऐवजी तळाबद्दल इतकं पोटतिडकीने बोलताना ऐकलं. अर्थात त्यातल्या कित्येकांना भीती होती ती लाट बिघडेल याची. चालायचंच.

एचटीजला लाटेच्या शेवटच्या, सर्वांत उथळ तुकड्याचं नाव आहे 'सर्जन्स टेबल', शस्त्रक्रियेचं टेबल. नाव ठेवणाऱ्याने विनोद केलेला नाही. ओहोटीला तिथला खडक चक्क उघडा पडतो, आणि लाट त्याच्यावरच जाऊन मिटते. म्हणून सगळे शिकतात ते आधी पडायला. उभं पडायचं नाही, सूर तर मारायचाच नाही. हातपाय पसरून पाण्यावर आडवं, जमेल तितकं वरच्या वर. आणि काही झालं तरी पाय खाली टाकून उभं राहायला जायचं नाही. तरी कधी ना कधी लागतंच. माझ्या पोटरीला लागलं ते अगदी साध्या, छातीएवढ्या लाटेनंतर. जोरही काही नव्हता. पाण्यात काही कळलं नाही. वर आल्यावर चार समांतर रेघा, बारीक, रक्त थेंबाथेंबाने.

खरा कार्यक्रम त्यानंतर असतो. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. चुन्याच्या सांगाड्यावर जिवंत प्राण्यांची पातळ साय, वर शेवाळ आणि जिवाणू. जखमेत हे सगळं बारीक कणांनी शिरतं आणि त्या दमट हवेत दोन दिवसांत चिघळतं. म्हणून कण बाहेर काढायचे. राहत होते त्या घरच्या बाईंनी मला पायरीवर बसवलं, उकळून गार केलेलं पाणी आणलं, नवा टूथब्रश काढला आणि पोटरी अशी घासली की माझ्या तोंडून आलेले शब्द तिला कळले नाहीत हे बरंच झालं. मग लिंबू. लिंबू जंतू मारतं की माणसाला, हा तिथला जुना वाद. मी माझ्याकडचं औषधही लावलं. तिने ते पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आपल्या लिंबावर तिचा विश्वास पक्का होता. घासताना ब्रशच्या केसांत अडकून आलेला एक कण तिने मला बोटावर धरून दाखवला. मिठाच्या खड्यापेक्षा लहान, पांढरा. भिंगाखाली धरला तर त्यातही बारीक खोल्या दिसतील, असं मला तेव्हा वाटलं. मी तो ठेवून घेतला नाही, उगाच.

जखम सुकेपर्यंत पाण्यात जायचं नव्हतं. अशा रिकाम्या दिवसांत पाकने मला ओहोटीच्या वेळी होडीने पलीकडच्या एका शांत खाडीत नेलं. तिथे मोठी लाट येत नाही, त्यामुळे सर्फिंगवाले फिरकत नाहीत. गुडघाभर पाण्यात, रबरी बूट घालून, जपून पावलं टाकत आम्ही फिरलो, आणि तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की मी इतकी वर्षं कशावरून घसरत होते.

पाण्यात गोल, वरून सपाट दगड होते, काही हातभर, काही दोन माणसं झोपतील एवढे. मधला भाग मेलेला, करडा, खडबडीत. कडेला मात्र चार बोटं रुंदीची जिवंत पट्टी, पिवळट हिरवी, बोट लावलं तर किंचित बुळबुळीत. एकाच्या मधल्या खळग्यात पाणी साठलेलं आणि त्यात नखाएवढे मासे. यांना मायक्रोॲटॉल म्हणतात. हा प्रवाळ वर वाढत जातो तो सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपर्यंत. त्याहून वर गेला तर उन्हात मरतो. मग तो नुसता आडवा पसरतो. म्हणजे प्रत्येक दगडाची सपाट माथ्याची उंची ही त्या त्या वर्षीच्या ओहोटीची खूण. बेट खचलं, म्हणजे पाणी चढलं, तर कड पुन्हा वर वाढायला लागते आणि दगडाला उभा काठ येतो. बेट उचललं गेलं तर कडेचा वरचा भाग मरतो आणि वाढ खालच्या पातळीवर सुरू होते. आत दरवर्षी एक कडं पडत जातं ते निराळंच.

केरी सी या भूवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमात्राच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचे असे प्रवाळ साखळी-करवतीने कापले, त्यांच्या चकत्यांची क्ष-किरण छायाचित्रं काढली, युरेनियम आणि थोरियमवरून त्यांचं वय मोजलं, आणि त्यातून मेंतावाईचा सातशे वर्षांचा भूकंपांचा इतिहास वाचला. या बेटांच्या खालून समुद्रतळाचा एक प्रचंड पत्रा, म्हणजे भूपट्ट, सुमात्राखाली सरकतोय. भूकंप नसतो तेव्हा दोन्ही पत्रे अडकलेले असतात, आणि वरच्याची कड खाली ओढली जाते; बेटं वर्षाला काही मिलिमीटर, कुठे सेंटीमीटरभर, खचत राहतात. अडक सुटली की ती एका झटक्यात वर उसळतात. १७९७ आणि १८३३ चे मोठे भूकंप या दगडांत स्पष्ट नोंदलेले आहेत. सप्टेंबर २००७ मध्ये ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा दक्षिणेकडच्या बेटांवरचे प्रवाळ पुन्हा वर आले. सिबेरूतखालचा पट्टा मात्र १७९७ नंतर पूर्णपणे सुटलेला नाही.

उत्तरेला नियास बेटावर हे सर्फरांनी डोळ्यांनी पाहिलं. २८ मार्च २००५ च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात त्या बेटाचा पश्चिम किनारा काही ठिकाणी जवळजवळ तीन मीटर उचलला गेला. प्रवाळाची मैदानं एका रात्रीत उन्हात आली आणि मेली. शेकडो माणसं गेली. आणि दक्षिणेच्या लागुंद्री खाडीतली प्रसिद्ध लाट, तळ थोडा वर आल्यामुळे, आधीपेक्षा जास्त पोकळ, जास्त 'चांगली' झाली. हे वाक्य सर्फिंगच्या लिखाणात मी कितीदा वाचलंय. तथ्य म्हणून बरोबर आहे. पण ज्या सुरात ते लिहितात तो सूर मला दरवेळी खटकतो.

'रेती हलते, रीफ ठरलेला' असं मी वर लिहिलंय ना, ते सर्फरच्या सुट्टीच्या हिशेबाने खरं आहे. दगडाच्या हिशेबाने तिथे रीफइतकं हलणारं दुसरं काही नाही. आणि स्वेलसमोर या बेटांची भिंत आहे तीच मुळी या ढकलाढकलीने समुद्रातून वर आलेली. ज्या कारणाने लाट आहे, त्याच कारणाने ती दुसरी लाटही येते.

ती आली २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री. भूकंप पागाईच्या पश्चिमेला, समुद्रतळावरच्या खोल खंदकाजवळ, उथळ झाला आणि फार संथपणे फाटत गेला. संथ, म्हणून जमीन जोरात हादरलीच नाही. २००७ चा आणि २००९ चा पादांगचा मोठा हादरा अनुभवलेल्या लोकांना वाटलं, किरकोळ आहे. बरेच जण घरातच थांबले. समुद्र मात्र हादऱ्याच्या मानाने कितीतरी जास्त उचलला गेला होता, आणि काही मिनिटांत तो गावांवर चढला. चारशेहून जास्त माणसं मेली, बहुतेक पागाई बेटांवरची. उत्तर पागाईच्या मॅकरोनीज या लाटेजवळच्या खाडीत सर्फिंगच्या बोटी नांगरलेल्या होत्या. त्यातल्या दोन एकमेकींवर आदळल्या आणि आग लागली. बोटींवरचे सगळे वाचले. बाहेरच्या जगात बातमी आधी त्या बोटींचीच झाली.

पाकच्या बहिणीचं सासर पागाईत. मी त्या रात्रीबद्दल एकदा विचारलं. तो म्हणाला, "हळू हलली, इबू. पाळण्यात झोपल्यासारखं वाटलं." एवढंच म्हणाला आणि इंजिनची दोरी ओढली. पुढे मी काही विचारलं नाही.

त्याच्या मानाने १९९७ बद्दल तो मोकळेपणाने बोलतो. त्या वर्षी इंडोनेशियातली जंगलं महिनोनमहिने जळत होती, धुराने सूर्य दिसायचा नाही. मेंतावाईच्या समुद्राला लाल रंग चढला आणि मासे पोट वर करून काठाला लागले. नंतर शास्त्रज्ञांनी प्रवाळाच्या कड्यांवरून कारण जुळवलं: धुरातलं लोह समुद्रात पडलं, त्याच वेळी खोल समुद्रातून थंड, पोषक पाणी वर येत होतं, त्यावर सूक्ष्म शेवाळाची प्रचंड लाल वाढ झाली, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला आणि रीफ गुदमरला. तिथले जवळजवळ सगळे प्रवाळ आणि मासे त्यात गेले.

आणि नेमका तोच काळ मेंतावाईच्या सुवर्णयुगाचा. मासिकांच्या मुखपृष्ठांवरच्या निळ्या, निर्दोष बॅरल. त्यांच्याखाली नुकतंच मेलेलं प्रवाळाचं रान होतं. फोटोत ते दिसत नाही, कारण लाटेला त्याने काही फरक पडत नाही. तिला फक्त आकार लागतो. प्रवाळ जिवंत असला काय आणि नसला काय, उंबरा तोच. निदान काही काळ. मेलेला सांगाडा पोखरायला जीव टपलेलेच असतात, पोपटमासे, सागरी साही, भोकं पाडणारे किडे. भर घालणारा कुणी उरला नाही तर रीफ झिजत जातो, आणि समुद्राची पातळी वर चढत असताना झिजणारा रीफ म्हणजे वर पाणी जास्त, लाट गुबगुबीत आणि शेवटी साधीच. जिवंत रीफ मात्र वाढून पाण्याची बरोबरी करू शकतो, फार गरम झालं नाही तर. मेंतावाईत नवे प्रवाळ पुन्हा धरलेत. फांद्यांचे लवकर, गोल सावकाश, कारण गोल प्रवाळ वर्षाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या वर जात नाही. माझ्या तारामाशाशेजारचा तो टेबलाएवढा म्हातारा कसा टिकला, याचा मी बराच विचार केला आहे.

आता माझा दिवस असा असतो: सकाळी वारा उठायच्या आत लाटा, दुपारी भरती-ओहोटी बघून, पाण्याखाली पाहायचा मुखवटा लावून खाडीत डोकं खाली. पोरं हसतात. बोटीवरून आलेल्या एका गृहस्थांनी तर माझी कीव केली. इतक्या लांब येऊन तुम्ही उथळ पाण्यात पोहता? मी त्यांना मायक्रोॲटॉलबद्दल सांगायला सुरुवात केली, पण त्यांना सेट दिसला आणि ते गेले. त्यांचंही बरोबरच. सेट खरोखर चांगला होता.

पाकला सगळ्यात मजा वाटते. परवाच्या खेपेला त्याने इंजिन बंद करून, काठी टेकून होडी उभी केली आणि मी पाण्यातून वर आल्यावर म्हणाला, "दगडच बघायचे होते तर बोर्ड कशाला आणता, इबू? विमानाला केवढं वजन होतं."

"बोर्ड नसता तर इथवर आले असते का, पाक?"

त्याने जरा विचार केला. मग पाण्याकडे बघत हिशेब मांडला: उद्या ओहोटी दहाच्या सुमाराला, त्याआधी पलीकडची लाट चालू असेल, म्हणजे आधी लाट आणि मग दगड, दोन्ही होईल. "पेट्रोल मात्र," तो म्हणाला, "दोन फेऱ्यांचं."